गणित विभागातून निवृत्त झालेली माणसे

गणिताच्या विभागाला प्रयोगशाळा नसते. रसायनशास्त्राचे एखादे प्राध्यापक निवृत्त झाले, तर त्यांनी उभारलेली उपकरणे, त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या बाटल्या आणि यंत्रांच्या नोंदवह्या मागे राहतात. गणिताचे प्राध्यापक निवृत्त होतात तेव्हा फळा पुसलेला असतो, पुस्तके एक तर ग्रंथालयात परत गेलेली असतात किंवा त्यांच्याबरोबर घरी, आणि मागे उरतात ते त्यांचे विद्यार्थी व छापून आलेले शोधनिबंध. या विभागाची खरी सामग्री म्हणजे माणसेच. त्यामुळे ती माणसे निवृत्त झाल्यावर संस्था त्यांना कशी लक्षात ठेवते, हा प्रश्न मला इथे इतर कोणत्याही विभागापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. मी मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागात शिकले, तिथेच पीएच.डी. केली आणि नंतर महाविद्यालयात गणित शिकवण्यात आयुष्य घालवले. गेली काही वर्षे आम्ही काही जुने विद्यार्थी मिळून विभागातल्या निवृत्त अध्यापकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या आठवणी लिहून काढत आहोत. हे काम करता करता माझे एक मत पक्के झाले आहे: निवृत्तांची नोंद करताना आपण पदे लिहितो आणि कामे लिहायची राहून जातात, आणि गणितात तर जे लिहिले गेले नाही ते माणसाबरोबरच जाते.

विभाग १९६३ साली सुरू झाला आणि त्याचे पहिले प्रमुख होते प्रा. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. त्यांचा जन्म १९१७ साली सागर येथे झाला, शिक्षण नागपूरला झाले, आणि १९५० साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून राजचंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. मिळवली. त्यांचे नाव जगभर झाले ते १९५९ साली. सहा पलटणींतले, सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे असे ३६ अधिकारी चौरसात अशा प्रकारे उभे करायचे की, प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकेकदाच यावा, हे काही केल्या जमत नाही असे गणितज्ञ ऑयलरला आढळले होते. त्यावरून चाराने भागल्यावर दोन बाकी उरते अशा कोणत्याही संख्येसाठी ही रचना अशक्य असावी, असे अनुमान त्याने १७८२ साली मांडले. सहाच्या बाबतीत तो बरोबर होता. परंतु बोस आणि श्रीखंडे यांनी २२ या संख्येसाठी अशी रचना करून दाखवली, अर्नेस्ट पार्कर यांनी १० साठी केली, आणि मग तिघांनी मिळून सहाच्या पुढच्या अशा सर्व संख्यांसाठी ती शक्य असल्याचे सिद्ध केले. पावणेदोनशे वर्षे टिकलेले अनुमान खोटे ठरले आणि न्यूयॉर्क टाइम्सने ती बातमी पहिल्या पानावर छापली.

एवढी गोष्ट बहुतेक गणितप्रेमींना ठाऊक असते. मला लक्ष वेधायचे आहे ते पुढच्या वर्षांकडे. श्रीखंडे सर विभागात १५ वर्षे होते. १९७८ साली ते निवृत्त झाले आणि २१ एप्रिल २०२० रोजी, वयाची १०२ वर्षे पूर्ण करून, विजयवाडा येथे त्यांचे निधन झाले. म्हणजे विभागातल्या नोकरीच्या जवळपास तिप्पट काळ त्यांनी निवृत्तीनंतर पाहिला. या काळात १९८३ ते १९८६ ते अलाहाबादच्या मेहता संशोधन संस्थेचे संचालक होते. आज ती संस्था गणितज्ञ हरीशचंद्र यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्याकडे १९७० साली पीएच.डी. केलेल्या डॉ. वासंती भट-नायक विभागातच शिकवत राहिल्या आणि पुढे विभागप्रमुख झाल्या. सरांचे पुत्र मोहन श्रीखंडे अमेरिकेत सरांच्याच गणितशाखेत, म्हणजे डिझाइन थिअरीत, प्राध्यापक झाले, आणि त्यांनी व आमच्या विभागात दीर्घकाळ शिकवलेल्या प्रा. शरद साने यांनी मिळून लिहिलेला ग्रंथ १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाने प्रसिद्ध केला. सेवापुस्तिकेत १९७८ साली बंद झालेले एक पान प्रत्यक्षात किती वर्षे उघडे राहिले, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

हे केवळ थोरांच्याच बाबतीत घडते असे नाही. गणिताच्या शिक्षकाला निवृत्तीनंतर काम करायला खोली, वीज, यंत्र यांपैकी फारसे काही लागत नाही. समोर शिकणारे कोणीतरी बसलेले असले म्हणजे पुरे. प्रा. विष्णु वासुदेव नारळीकर काशी हिंदू विद्यापीठात जवळजवळ तीन दशके गणिताचे विभागप्रमुख होते. ते सोडल्यावर राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद सांभाळून पुढे पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळकांच्या नावाच्या अध्यासनावर ते पुन्हा शिकवायला उभे राहिले. आमच्या विभागात प्राध्यापक असलेल्या प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ साली राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या साहाय्याने उन्हाळी प्रशिक्षणाचा जो कार्यक्रम सुरू केला, तो देशभरातल्या गणिताच्या विद्यार्थ्यांना एमटीटीएस या नावाने माहीत आहे. व्याख्यान टिपून घेण्याऐवजी विद्यार्थ्याला प्रश्न विचारून विचारून सिद्धतेपर्यंत नेणे, ही त्या वर्गांची रीत. ते पुढे हैदराबादला गेले, तिथून निवृत्त झाले, आणि तो कार्यक्रम आज एका न्यासामार्फत चालू आहे. आमच्या विद्यापीठाच्या कलिना संकुलातच २००७ साली अणुऊर्जा विभाग आणि मुंबई विद्यापीठ यांनी मिळून मूलभूत विज्ञानाचे जे केंद्र स्थापन केले, तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून निवृत्त झालेल्या प्रा. श्रीकृष्ण दाणी यांच्यासारख्या गणितज्ञांनी बारावी होऊन आलेल्या मुलांना शिकवले आहे. ज्या वयात विद्यार्थ्याला गणित म्हणजे सूत्रे पाठ करणे नव्हे हे पहिल्यांदा उमगते, त्या वयात समोर असा माणूस असणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मी महाविद्यालयात इतकी वर्षे पहिल्या वर्षाचे वर्ग घेतल्यामुळे खात्रीने सांगू शकते.

व्यवस्था मात्र या शक्यतेचा फार थोडा उपयोग करते. राज्यातल्या विद्यापीठांत अध्यापक साधारणपणे साठाव्या वर्षी निवृत्त होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या शिक्षकदिनी निवृत्त अध्यापकांसाठी संशोधनवृत्ती जाहीर केली: दरमहा ५० हजार रुपये, वयोमर्यादा ६७ वर्षे, आणि जागा १००. संपूर्ण देशासाठी आणि सर्व विषयांसाठी मिळून शंभर. त्यातल्या गणिताच्या वाट्याला किती येणार आणि त्यातही राज्य विद्यापीठांतल्या माणसांना किती मिळणार, याचा हिशेब करायला गणितज्ञ लागत नाही. दुसरीकडे, निवृत्तीमुळे रिकामी झालेली जागा भरली जाईपर्यंत वर्षानुवर्षे जातात आणि तोवर तासिका तत्त्वावरचे तरुण शिक्षक भार वाहतात. जाणारा आणि येणारा यांची गाठच पडत नाही. निरोपसमारंभात शाल आणि श्रीफळ दिले जाते. कोणता विषय कसा शिकवायचा, कोणत्या पुस्तकातल्या कोणत्या प्रकरणाशी विद्यार्थी अडतात, कोणता प्रश्न अर्धवट सुटलेला आहे, हे मात्र कोणी कोणाच्या हाती सोपवत नाही. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण त्यासाठी पैसा लागत नाही, फक्त दोन माणसांना एका खोलीत काही दुपारी बसवावे लागते.

अध्यापकांचे निदान शोधनिबंध तरी राहतात. कर्मचाऱ्यांचे काय राहते? आमच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग मला इथे सापडला, म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

आमच्या पिढीच्या प्रबंधांचे टंकलेखन करणाऱ्या एका बाईंना आम्ही भेटलो. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे आणि त्या मुलीकडे बदलापूरला राहतात. विभागात त्यांना सगळे ‘टायपिस्ट बाई’ म्हणत आणि आजही आम्ही त्यांना बाईच म्हणतो. आज कोणताही विद्यार्थी लेटेक या संगणकावर गणित छापण्याच्या प्रणालीत हवे ते चिन्ह दोन शब्द लिहून उमटवतो. त्या काळी टंकयंत्रावर इंग्रजी अक्षरे, अंक आणि मोजकी विरामचिन्हे एवढेच असे. ग्रीक अक्षरे नाहीत, संकलनाचे चिन्ह नाही, समाविष्टतेचे नाही. मग जिथे चिन्ह यायचे तिथे बाई मोजून मोकळी जागा सोडत, आणि नंतर प्रत्येक प्रतीत ते चिन्ह बारीक टोकाच्या पेनाने हाताने भरले जाई. पदांक थोडा खाली आणि घातांक थोडा वर यावा म्हणून रोलर अर्धा घर फिरवावा लागे आणि लगेच तितकाच मागे आणावा लागे. तो नेमका मागे आला नाही, तर पुढची सबंध ओळ वर किंवा खाली सरकलेली दिसे.

डिझाइन थिअरी ही श्रीखंडे सरांमुळे विभागात रुजलेली शाखा, आणि तिच्यात तर पानोपानी व्ही, बी, आर, के आणि ग्रीक लॅम्डा हे पाच प्राचल, म्हणजे रचना ठरवणाऱ्या संख्या, येतात. व्ही वस्तूंचे बी गट करायचे, प्रत्येक गटात के वस्तू, प्रत्येक वस्तू आर गटांत, आणि कोणत्याही दोन वस्तू बरोबर लॅम्डा गटांत एकत्र. सात वस्तू घेऊन तिघातिघांचे सात गट असे करता येतात की, कोणतीही जोडी नेमकी एकदाच एकत्र येते; हे या शाखेतले पहिलेवहिले उदाहरण. यातली चार अक्षरे यंत्रावर होती आणि पाचवे नव्हते. एका प्रबंधात लॅम्डा शेकडो वेळा येई, आणि मूळ प्रत व कार्बनच्या प्रती धरून प्रत्येक ठिकाणी तो पाच पाच वेळा हाताने काढावा लागे.

बाईंनी आम्हाला त्यांची एक जुनी वही दाखवली. तिच्यात त्यांनी स्वतःपुरते नियम लिहून ठेवले होते: लॅम्डाला एक घर सोडायचे, बेरजेच्या सिग्मा या चिन्हाला तीन, सिग्माच्या वर-खाली मर्यादा असतील तर वरच्या आणि खालच्या ओळीत दुप्पट अंतर, समासात पेन्सिलीने बारीक खूण, म्हणजे पेनाने भरताना एकही जागा नजरेतून सुटणार नाही. वहीच्या शेवटच्या पानांवर चिन्हांचे चित्र आणि समोर प्रत्येकाने सांगितलेले नाव होते. एका चिन्हासमोर तीन नावे होती, कारण तीन सर त्याला तीन नावांनी ओळखत. त्या गणित शिकल्या नव्हत्या, पण सूत्राच्या एका बाजूला ‘आय’ आणि ‘जे’ असे दोन पदांक आहेत आणि दुसऱ्या बाजूला एकच आहे, हे त्यांच्या लक्षात येई आणि त्या कागद घेऊन विचारायला येत, “अगं, इथला जे राहिलाय का बघ.” माझ्या प्रबंधाच्या वेळी त्यांनी असे विचारले होते आणि तो खरोखरच राहिलेला होता. परीक्षकाच्या नजरेला पडण्याआधी अशा किती चुका त्या टेबलावर दुरुस्त झाल्या असतील, याची नोंद कुठेही नाही.

विभागांतर्गत चाचण्यांचे कागद आणि टिपणे सायक्लोस्टाइल करण्याचे कामही त्यांच्याकडेच असे. मेणाच्या स्टेन्सिलवर टंकन झाल्यावर चिन्हे लोखंडी लेखणीने कोरावी लागत. हात हलका पडला तर शाई उतरत नसे, जड पडला तर स्टेन्सिल फाटे आणि संपूर्ण पान पुन्हा करावे लागे. त्यांच्या बोलण्यात याची तक्रार नव्हती. उलट, कोणत्या सरांचे अक्षर वाचताना त्रास होत नसे आणि कोणते सर सूत्र स्वतः मोठे करून लिहून देत, हे त्या आजही नावानिशी सांगतात. एखाद्या अध्यापकाच्या स्वभावाचे इतके अचूक वर्णन मी कोणत्याही गौरवांकात वाचलेले नाही.

ग्रंथालयात काम करणारे एक मामा होते. त्यांच्या पदाचे नाव परिचर. प्रत्यक्षात विभागातल्या संशोधनाची दिशा त्यांना सर्वांत आधी कळे, कारण कोण कोणते खंड मागवतो हे त्यांच्या हाताखालून जाई. मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज या, गणितातल्या शोधनिबंधांचे परिचय देणाऱ्या नियतकालिकाचे जाडजूड खंड उचलून टेबलावर ठेवता ठेवता ते नव्या विद्यार्थ्याला म्हणत, “हाच खंड गेल्या आठवड्यात त्या मॅडमनी नेला होता, त्यांना जाऊन भेटा.” या एका वाक्यातून दोन माणसांची ओळख होई आणि पुढे कधी एकत्र शोधनिबंधही तयार होई. कोणत्या नियतकालिकाचे दोन खंड बांधणीत उलटसुलट झाले आहेत, कोणत्या वर्षाचे अंक आलेच नाहीत, हे ते न बघता सांगत. आता नियतकालिके संगणकावर आली आणि शोधायचे ते काही क्षणांत सापडते, हे चांगलेच झाले. पण तेच पान आपल्या शेजारच्या खोलीत कोण वाचत आहे, हे सांगणारी सोय अजून कोणी केलेली नाही.

हेडक्लार्क, शिपाई, परीक्षेचे काम पाहणारे सहायक यांच्याविषयीही आमच्याकडे थोडे जमले आहे. ते सावकाश लिहीन. एक मात्र इथेच नोंदवते. शिष्यवृत्तीची रक्कम महिनोन्महिने अडकून पडण्याच्या त्या दिवसांत फाइल कोणत्या टेबलावर थांबली आहे हे माहीत असलेला एखादा कारकून नसता, तर माझ्या ओळखीतल्या निदान काही मुली पीएच.डी. अर्धवट सोडून घरी गेल्या असत्या.

निवृत्त झाल्यावर या माणसांचा संस्थेशी उरतो तो संबंध निवृत्तिवेतनाचा. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, म्हणजे पुढचे वर्ष सुरळीत जाते. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांसाठी तर जुने निवृत्तिवेतनही राहिले नाही, अंशदानाची योजना आली. दाखला आवश्यक आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु वर्षातून एकदा या माणसांशी संपर्क होतोच आहे, तर ‘आपण हयात आहात ना’ याबरोबर ‘आपण काय काम केलेत, त्यातले काय आम्हाला सांगाल’ असेही कोणीतरी विचारायला हवे, असे मला कळकळीने वाटते. हे विचारण्याचे काम लेखा विभागाचे नव्हे. ते ज्या त्या विभागाचे आहे, आणि विभागाला सवड नसेल तर आम्हा विद्यार्थ्यांचे आहे.

नावे शोधताना आम्हाला एक चांगली वाट सापडली, ती इतर विभागांच्या विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडेल. जुन्या प्रबंधांमधले ऋणनिर्देशाचे पान काढून वाचावे. मार्गदर्शक, आईवडील, मित्र यांच्यानंतर शेवटच्या परिच्छेदात बहुधा टंकलेखकाचे, ग्रंथालयातल्या माणसांचे आणि कार्यालयातल्या कोणाचे तरी नाव असते. पगारपत्रकात माणसाचे पद मिळेल; त्याने काय केले, ते या पानावर मिळते. अनेक विद्यापीठांचे जुने प्रबंध स्कॅन करून शोधगंगा या संग्रहात ठेवलेले आहेत, आणि त्यांपैकी टंकयंत्राच्या काळातला गणिताचा कोणताही प्रबंध उघडला तर हाताने भरलेली चिन्हे स्पष्ट दिसतात. मी अलीकडे असे प्रबंध पाहताना सिद्धतेआधी ती चिन्हे पाहते. एकाच प्रबंधात पहिल्या प्रकरणातला लॅम्डा रेखीव असतो आणि शेवटच्या प्रकरणात त्याचा पाय लांबत गेलेला असतो, कारण सादरीकरणाची तारीख जवळ आलेली असते.

आम्ही मुलाखती घेतो तेव्हा मोठे प्रश्न विचारत नाही. ‘विभागाच्या जडणघडणीविषयी सांगा’ असे म्हटले की, माणसे भाषण करू लागतात. त्याऐवजी आपली बसण्याची जागा कोणती होती, शेजारी कोण बसे, सकाळी आल्यावर पहिले काम कोणते असे, सर्वांत अवघड काम कोणते, ते कोणाकडून शिकलात आणि निवृत्त होताना कोणाला शिकवले, असे विचारतो. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण थांबतात. कारण शिकवायला समोर कोणी नव्हतेच, असे त्यांचे उत्तर असते. अध्यापकांना आम्ही आणखी एक गोष्ट विचारतो: आपल्या वर्गातल्या टिपणांच्या वह्या कुठे आहेत? काहींनी त्या रद्दीत दिल्या, काहींच्या माळ्यावर आहेत. माळ्यावरच्या वह्यांची छायाचित्रे काढण्याचे काम आमच्यातला एक मित्र करतो आहे, आणि एका निवृत्त सरांच्या टोपॉलॉजी या गणितशाखेच्या वह्यांत पाठ्यपुस्तकात नसलेली इतकी उदाहरणे निघाली की, मी त्यांतली काही आमच्या महाविद्यालयातल्या तरुण सहकाऱ्यांना लगेच पाठवून दिली.

विभागाच्या पहिल्या वर्षांपासून, म्हणजे १९६३ पासून १९७८ पर्यंत, तिथे शिकलेल्या किंवा नोकरी केलेल्या माणसांकडे आम्ही आधी जात आहोत. पहिल्या तुकडीत विशी-एकविशीत एम.एस्सी.ला आलेल्यांनी आता ऐंशी ओलांडली आहे आणि त्यांना शिकवणारे त्याहून वयाने मोठे. नंतरच्या वर्षांतल्या मंडळींना दोन वर्षे उशिरा भेटलो तरी चालेल, यांना चालणार नाही. त्या काळातल्या कोणाचा ठावठिकाणा आपल्याला माहीत असेल, तर आधी त्यांची संमती घेऊन मला कळवावे. ते अध्यापक होते की शिपाई, याने काही फरक पडत नाही. आणि आपल्या घरात आई, वडील, मावशी किंवा काका गणित विभागातून निवृत्त झालेले असतील, तर आमची वाट पाहू नये. वर दिलेले प्रश्न आपणच विचारून उत्तरे लिहून ठेवावीत, आणि जमल्यास फोनवर त्यांचा आवाजही ध्वनिमुद्रित करून घ्यावा.